गुदाशयाचा कॅन्सर आणि पेट स्कॅन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूक्लिअर मेडिसिन विभागात बसून स्कॅन वाचणं हा माझा रोजचा उद्योग. रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक दाराशी घुटमळतात आणि 'डॉक्टर, एकच विचारायचं होतं' म्हणत पाच प्रश्न विचारतात. तेच इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण घोळ तिथेच जास्त होतो.

आजार गुदाशयाचा, म्हणजे पोटातला. मग पेट स्कॅनमध्ये मानेपासून मांडीपर्यंत सगळं का घेतात?

'पेट' म्हणजे हिंदीतलं पोट नव्हे! हा गैरसमज आठवड्यातून दोनदा तरी भेटतोच. पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून 'पेट' झालं आहे. सहसा कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत शरीर टिपलं जातं, कारण आजार मूळ जागेबाहेर कुठे गेला आहे का, हेच बघायचं असतं. गुदाशयाच्या वरच्या भागातलं रक्त आधी लिव्हरकडे जातं. अगदी खालच्या भागातलं काही रक्त मात्र लिव्हरला वळसा घालून थेट हृदयाकडे आणि तिथून फुप्फुसांत पोचतं. त्यामुळे गाठ खाली असेल तर लिव्हर स्वच्छ असूनही छातीत डाग निघू शकतो. नुसतं पोट पाहून भागत नाही ते म्हणून.

सीटी झाला, एमआरआय झाला. आता हा तिसरा कशाला? यात वेगळं काय दिसतं?

गाठीची भूक दिसते. सीटी आणि एमआरआय गाठीचा आकार, जागा, शेजारपाजार दाखवतात. पेट स्कॅन ती गाठ किती साखर खाते आहे ते दाखवतो.

शिरेतून जे औषध देतात त्याचं नाव फ्लोरोडिऑक्सिग्लुकोज, थोडक्यात एफडीजी. ग्लुकोजचाच हा तोतया, अंगावर फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू लावलेला. पेशीला तो खरा वाटतो, ती त्याला आत घेते. हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेटचा गट चिकटवतं. खऱ्या ग्लुकोजचा प्रवास इथून पुढे चालू राहतो, तोतयाचा मात्र इथेच थांबतो, आणि तो पेशीत अडकून पडतो. जिथे जास्त अडकला ती जागा पडद्यावर चमकते. कॅन्सरच्या पेशी साखरेला हावरट असतात हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. एफडीजी माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते १९७६ साली, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. भारतात पेट स्कॅनची सुरुवात २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली.

आता मशीन एकच असतं, त्यात पेट आणि सीटी दोन्ही. म्हणून रिपोर्टवर 'पेट-सीटी' लिहिलेलं असतं.

गुदाशयाचा प्रत्येक कॅन्सर पेट स्कॅनमध्ये चमकतोच ना?

नाही. हे पान लिहायला घेतलं ते मुळात या एका प्रश्नासाठी.

मोठ्या आतड्याचे आणि गुदाशयाचे नव्वद टक्क्यांहून जास्त कॅन्सर हे ॲडेनोकार्सिनोमा असतात, म्हणजे आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींच्या पेशींतून उगवलेले. नेहमीचा ॲडेनोकार्सिनोमा झकास चमकतो. वाचणाऱ्याला फार डोकं चालवावं लागत नाही.

अडचण येते ती म्युसिनस प्रकारात. या गाठीच्या पेशी चिकट, शेंबडासारखा स्राव पेशींबाहेर ओतत राहतात. बायोप्सी किंवा ऑपरेशनच्या तुकड्यात गाठीचा निम्म्याहून जास्त भाग असा स्रावच असेल तर तिला म्युसिनस म्हणतात. आमच्या कोकणात पातळ पेजेला म्हणतात तसं : पेज वाटीभर, शितं चार. साखर खाणार त्या पेशी, स्राव काही खात नाही. त्यामुळे सीटीवर पाच सेंटीमीटरची दिसणारी गाठ पेटवर फिकट दिसू शकते, किंवा फक्त कडेकडेने उजळते आणि मधे काळोख.

दुसरा वात्रट प्रकार सिग्नेट रिंग सेल. यात स्राव पेशीच्या आतच साठतो आणि केंद्रक एका कडेला ढकललं जातं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मुद्रेच्या अंगठीसारखी दिसते, म्हणून हे नाव. या पेशी एका जागी गोळा होऊन ठसठशीत गाठ करत नाहीत. आतड्याच्या भिंतीतून पसरत जातात आणि पोटाच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे पेरिटोनियमवर, बारीक दाण्यांसारख्या विखुरतात. ते दाणे दोन-चार मिलिमीटरचे असले तर पेट स्कॅनला सापडतीलच असं नाही. भारतातल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांच्या नोंदींत हा प्रकार पाश्चात्त्य देशांच्या मानाने जास्त आढळतो, त्यातही तरुण रुग्णांमध्ये. तिशीतला मुलगा, 'मूळव्याध असेल' म्हणून वर्षभर मलम लावत बसलेला आणि बायोप्सीत सिग्नेट रिंग, हे चित्र आम्हाला अनोळखी नाही.

बाबांच्या रिपोर्टमध्ये 'एसयूव्ही मॅक्स ४' आहे. वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या काकांचा १८ होता. म्हणजे आमचा आजार सौम्य?

वेटिंग रूममधल्या या आकड्यांच्या देवाणघेवाणीने जितका मनस्ताप झालाय तितका आजाराच्या बातमीनेही होत नसेल.

एसयूव्ही म्हणजे त्या जागी औषध किती जमलं त्याचा आकडा, मॅक्स म्हणजे त्यातला सगळ्यात मोठा. टोचलेलं औषध सगळ्या शरीरात अगदी सारखं पसरलं असतं तर प्रत्येक ठिकाणचा एसयूव्ही साधारण १ आला असता. ४ म्हणजे त्या बिंदूला सरासरीच्या चौपट औषध जमलं. हा आकडा रक्तातल्या साखरेने बदलतो, वजनाने बदलतो, सुई दिल्यापासून किती मिनिटांनी चित्र घेतलं त्याने बदलतो, मशीन बदललं तरी बदलतो. गाठ लहान असली तर खरा आकडा जास्त असूनही कमी दिसतो.

त्यावर हा प्रकाराचा मुद्दा. काकांचा ॲडेनोकार्सिनोमा नेहमीचा असेल आणि बाबांचा म्युसिनस, तर ४ आणि १८ यांची तुलना म्हणजे हापूसच्या आणि नारळाच्या भावाची तुलना. म्युसिनस गाठीचा आकडा कमी येतो तो तिच्यात पेशी विरळ असतात म्हणून. ती शांत आहे असा त्याचा अर्थ नाही. एकाच माणसाच्या, एकाच मशीनवर, सारख्या तयारीने केलेल्या दोन स्कॅनमधला फरक मात्र कामाचा असतो.

बायोप्सी रिपोर्ट तुम्हाला कशाला हवा? तुम्ही तर स्कॅन वाचणार.

याचं उत्तर माझ्याच एका चुकीतून देतो. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. साठीच्या एक बाई होत्या. फॉर्मवर फक्त 'गुदाशयाचा कॅन्सर' लिहिलेलं, बायोप्सीचा कागद घरी राहिलेला. सीटीवर लिव्हरमध्ये दीड सेंटीमीटरचा एक डाग होता, पेटवर तिथे काहीच चमक नव्हती. मी लिहिलं की डाग साखर घेत नाही, बहुधा साधी गाठ असावी. दोन दिवसांनी सर्जनचा फोन आला, बायोप्सी म्युसिनस आहे, पुन्हा बघ. लिव्हरचा एमआरआय केला, डाग आजाराचाच निघाला. रिपोर्ट बदलला, ऑपरेशनचा बेतही बदलला, बाईंचं नुकसान झालं नाही. पण नेहमीच्या गाठीबाबत जे वाक्य बऱ्यापैकी सुरक्षित असतं ते म्युसिनसबाबत धोक्याचं असतं, हे मी तेव्हा शिकलो. आता बायोप्सीच्या कागदाशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही. लोक वैतागतात. वैतागू देत.

आमच्या रिपोर्टमध्ये 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' आहे आणि डॉक्टरांनी 'गॅलियम डोटाटेट' स्कॅन सांगितलाय. हाही पेटच का?

मशीन तेच, औषध वेगळं. न्यूरोएंडोक्राइन गाठी अस्तरातल्या ग्रंथींतून येत नाहीत. आतड्यात विखुरलेल्या, हॉर्मोन तयार करणाऱ्या पेशींतून त्या येतात. यातल्या सावकाश वाढणाऱ्या गाठी साखरेच्या मागे फारशा नसतात. एफडीजी दिलं तर फिकट दिसतात आणि बघणारा फसतो. पण त्यांच्या अंगावर सोमॅटोस्टॅटिन या हॉर्मोनची कुलपं भरपूर असतात. डोटाटेट, डोटानॉक ही त्या कुलपाची किल्ली आणि किल्लीला बांधलेला दिवा म्हणजे गॅलियम-६८.

गॅलियम-६८ चं आयुष्य तोकडं : दर ६८ मिनिटांनी अर्धं उरतं. ते दुरून आणायचं म्हटलं तर वाटेतच संपेल. म्हणून विभागातच जर्मेनियम भरलेला एक छोटा जनरेटर ठेवलेला असतो. आत गॅलियम तयार होत राहतं आणि आमचे टेक्नॉलॉजिस्ट सकाळी त्यातून ते काढून घेतात. बोलताना सरळ 'दूध काढलं का?' असंच विचारतात. नवा माणूस दचकतो.

कोणता स्कॅन करायचा हे बायोप्सीतल्या केआय-६७ या आकड्यावर बरंचसं अवलंबून असतं. शंभरातल्या किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत ते हा आकडा सांगतो. ३ टक्क्यांच्या आत असेल तर पहिली श्रेणी, ३ ते २० दुसरी, २० च्या वर तिसरी. पहिल्या दोन श्रेणींत सहसा डोटाटेट कामाला येतो. पेशी उग्र, झपाट्याने वाढणाऱ्या असतील तर कुलपं हरवलेली असतात आणि साखरेची भूक वाढलेली असते, तिथे एफडीजी. मधल्या लोकांना कधी दोन्ही स्कॅन करावे लागतात. एकाच रुग्णाच्या शरीरात काही गाठी डोटाटेटवर उजळतात आणि काही एफडीजीवर, असंही होतं. तेव्हा उपचार ठरवणाऱ्यांची कसोटी लागते.

डोटाटेटवर गाठी छान उजळल्या तर आणखी एक वाट उघडते. त्याच किल्लीला दिव्याऐवजी ल्युटेशियम-१७७ बांधून उपचार करता येतो. प्रत्येकाला तो लागतो असं नाही.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत, योगायोगाने सापडलेली, एक सेंटीमीटरहून लहान, पहिल्या श्रेणीची गाठ दुर्बिणीतूनच पूर्ण निघाली असेल तर बहुतेकांना यातला कोणताच स्कॅन लागत नाही.

गुदद्वाराचा कॅन्सर आणि गुदाशयाचा कॅन्सर एकच का?

शेजारी आहेत, जात वेगळी. गुदद्वाराच्या नळीतला कॅन्सर बहुधा स्क्वेमस सेल प्रकारचा असतो, त्वचेच्या कॅन्सरच्या कुळातला. तो एफडीजीवर उत्तम चमकतो. जांघेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) बाधित आहेत का हे कळायला आणि लाईट, म्हणजे रेडिएशन, कुठवर द्यायची याची आखणी करायला पेट-सीटीचा इथे खरा उपयोग होतो. या आजारात पहिला उपचार सहसा ऑपरेशन नसतो, केमो आणि रेडिएशन एकत्र देतात. गाठ विरघळायलाही वेळ घेते. ब्रिटनमधल्या ॲक्ट-टू या अभ्यासात दिसलं की उपचार सुरू झाल्यापासून २६ आठवड्यांनी निकाल पाहणं योग्य. त्याआधीच्या स्कॅनवर थोडी चमक उरली म्हणून घाबरून ऑपरेशन करायचं नसतं.

लिम्फोमा, मेलानोमा, जिस्ट यांचं काय?

लिम्फोमा हा लसिका पेशींचा कॅन्सर, मेलानोमा रंगद्रव्याच्या पेशींचा आणि जिस्ट आतड्याच्या भिंतीतला. गुदाशयात हे सगळे विरळाच, आणि तिघेही बहुधा एफडीजीवर चमकतात. लिम्फोमाला तर पेट-सीटीवाचून पान हलत नाही. उपचाराला प्रतिसाद मोजण्याची एक ते पाच अशी पट्टी आहे, फ्रान्समधल्या डोव्हिल गावाच्या नावाने ओळखली जाते. जिस्टमध्ये इमॅटिनिबची गोळी लागू पडली तर गाठीचा आकार तसाच असतानाही काही दिवसांत चमक विझते.

आमच्या डॉक्टरांनी पेट स्कॅन लिहूनच दिला नाही. हलगर्जी तर नाही ना?

बहुतेक वेळा नाही. अनेकदा उलट असतं : गरज नसताना केलेला पेट स्कॅन मी जास्त पाहतो.

गुदाशयाच्या नेहमीच्या ॲडेनोकार्सिनोमात पहिली बाजी एमआरआयची. गाठ भिंतीत किती खोल गेली, गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या वेष्टणापासून किती मिलिमीटर दूर आहे, शिरांत शिरली का, हे सर्जनला हवं असतं. पेटच्या चित्रात इतकी बारीक कलाकुसर नसते. शिवाय गाठीच्या अंगालगतच्या लसिका ग्रंथी गाठीच्याच झगमगाटात लपतात. दिवाळीत आकाशकंदिलाशेजारी ठेवलेल्या पणतीसारखं. समोरच मूत्राशय असतं. एफडीजी लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे तेही लखलखतं. छाती आणि लिव्हरसाठी कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं औषध) दिलेला सीटी असतो. अमेरिकेतल्या एनसीसीएन या कॅन्सर केंद्रांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की सुरुवातीच्या तपासणीत पेट-सीटी सरसकट करू नये.

मग तो नक्की कधी कामाला येतो?

सगळ्यात खणखणीत उपयोग : ऑपरेशन होऊन वर्ष-दीड वर्ष झालंय, रक्तातला सीईए (या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन) ३ वरून ७, ७ वरून १५ असा चढत चाललाय आणि सीटीत काहीच सापडत नाही. अशा वेळी पेट-सीटी वारंवार ठिकाण दाखवून देतो. जुन्या ऑपरेशनच्या जागी तयार झालेला व्रण आणि परतलेला आजार सीटीवर सारखेच दिसतात. पेटवर आजार पेटलेला असतो, व्रण थंड.

दुसरा प्रसंग सीटीत शंकास्पद डाग असल्याचा. तिसरा, किडनीच्या त्रासामुळे किंवा ॲलर्जीमुळे कॉन्ट्रास्ट देता येत नसल्याचा. एफडीजी किडनीला त्रास देत नाही.

चौथा प्रसंग लिव्हरमधल्या गाठी कापून काढायचा बेत असतो तेव्हाचा. एवढं मोठं ऑपरेशन करण्याआधी आजार आणखी कुठे दडून बसलेला नाही ना, हे बघायचं असतं. याबद्दल अपेक्षा मात्र माफक ठेवा. कॅनडात ४०४ रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेट-सीटीमुळे ऑपरेशनचा बेत बदलला तो शंभरात साधारण आठ जणांचा.  उरलेल्या ब्याण्णवांचं मात्र सीटीवरूनच ठरलं होतं तेच कायम राहिलं.

रिपोर्टमध्ये छातीतल्या ग्रंथी चमकल्या आहेत. कॅन्सर पसरला का?

लगेच तसं धरून चालू नका. साखर कॅन्सरच खातो असं नाही, जंतूंशी लढणाऱ्या पेशीही खातात. आपल्याकडे त्यातला पहिला संशयित टीबी. दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी सारख्याच चमकणाऱ्या ग्रंथी, त्यात चुन्याचे ठिपके, हे चित्र गुदाशयाच्या कॅन्सरपेक्षा जुन्या टीबीकडे जास्त बोट दाखवतं. त्या एका चमकेवर उपचाराची दिशा बदलणार असेल तर सुईने तुकडा काढून तपासणं शहाणपणाचं. नुसत्या पेटवरून 'चौथी स्टेज' हे शब्द उच्चारू नयेत, असं माझं ठाम मत आहे. घरच्यांनीही आणि डॉक्टरांनीही.

मोठ्या आतड्यात दुसऱ्याच ठिकाणी एक ठिपका चमकलाय. तो काय?

एकाच जागी ठळक ठिपका असेल तर तिथे पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेला कोंब, निघू शकतो. कधी दुसरी गाठसुद्धा निघते. मूळ गाठीने वाट अडवल्यामुळे आधीची कोलोनोस्कोपी अर्धवट राहिली असेल तर हा ठिपका फार मोलाचा. कोलोनोस्कोपी पूर्ण करून घ्या. सगळंच आतडं लांबलचक उजळलं असेल तर रुग्ण मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतो का ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. स्टोमा (शौचासाठी पोटावर काढलेली वाट) असेल तर त्याच्या कडेने थोडी चमक येतेच, तिच्याकडे दुर्लक्ष करावं.

रेडिएशन आणि केमो संपले. आता लगेच स्कॅन करून गाठ गेली का बघायचं?

थांबा. लाईट दिल्यानंतर आतड्याची भिंत भाजल्यासारखी सुजलेली असते आणि सूजही साखर खाते. साधारण ८ ते १२ आठवडे जाऊ द्यावे लागतात. त्याआधीचा स्कॅन पैसे घालवून काळजी विकत घेण्यासारखा.

म्युसिनसमध्ये इथेही पेच आहे. उपचाराने पेशी मेल्या तरी स्रावाची तळी तशीच उरतात. सीटी-एमआरआयवर गाठ 'तेवढीच' दिसते, पेट विझलेला असतो. पण तो आधीपासूनच मंद होता, मग विझला म्हणून आनंद किती मानायचा? उपचाराआधीचा पेट असेल तर तुलना करता येते, नसेल तर फक्त अंदाज.

गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशन न करता नजर ठेवण्याची पद्धत आता रुळते आहे. ब्राझीलमध्ये साव पावलोच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी ती पुढे आणली. त्यात भरवसा तिघांवर : डॉक्टरांचं बोट, दुर्बीण आणि एमआरआय. पेट विझला एवढ्यावरून ऑपरेशन रद्द करत नाहीत. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून गाजलेली बातमी आली होती. एका विशिष्ट जनुकीय प्रकारच्या गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये डोस्टारलिमॅब या इम्युनोथेरपीने पहिल्या १२ च्या १२ रुग्णांची गाठ दिसेनाशी झाली. तिथेही बोट, दुर्बीण, बायोप्सी, एमआरआय आणि एफडीजी पेट असं सगळं एकत्र तपासूनच ते जाहीर केलं होतं.

आईला मधुमेह आहे. स्कॅन होईल का?

होतो. साखर सहसा २०० च्या आत हवी. रक्तात खरी साखर भरपूर असली तर तोतयाला कोणी विचारत नाही. मेटफॉर्मिन साधारण दोन दिवस आधी बंद करायला सांगतात, पण ते मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारूनच. साखर वाढली म्हणून घरून निघताना इन्सुलिन टोचून येऊ नका. इन्सुलिन सगळं औषध स्नायूंत ढकलतं आणि पडद्यावर नुसत्या मांड्या आणि दंड चमकतात.

उपास किती? चहा चालेल?

चार ते सहा तास पोट रिकामं. साधं पाणी मात्र भरपूर प्या. चहा नाही, बिनसाखरेचाही नाही, कारण दुधात साखर असते. एक आजोबा शपथेवर सांगत होते की सकाळपासून काही खाल्लं नाही. चित्रात मांड्यांपासून छातीपर्यंत सगळे स्नायू उजळलेले! मग हळूच कळलं की एसटीत शेंगदाण्याचा लाडू खाल्ला होता. 'तो काय खाण्यात धरायचा?' चार दिवसांनी पुन्हा यावं लागलं.

आदल्या दिवशी व्यायाम नको, शेतातली अंगमेहनतही नको. सुपारी, तंबाखू, च्युइंगम बंद. चघळलं की जबड्याचे स्नायू चमकतात.

सुई दिल्यावर तासभर एका खोलीत एकटं का बसवतात? बोलूही देत नाहीत.

औषध गाठीत मुरायला साधारण ६० मिनिटं लागतात. त्या वेळात जो स्नायू हलतो तो साखर ओढतो. एका बाईंनी तो तासभर बहिणीशी फोनवर गप्पा मारल्या, स्वरयंत्र दोन दिव्यांसारखं पेटलं होतं. पांघरूण देतात तेही लाडाने नाही. थंडी वाजली की मानेजवळची विशिष्ट चरबी ऊब तयार करण्यासाठी साखर जाळते आणि तिथल्या ग्रंथी वाचणं मुश्कील होतं.

सकाळी सातला बोलावलं आणि दहा वाजता म्हणाले 'औषध आलं नाही'. हा काय प्रकार?

फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी अर्धं होतं. ते सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात तयार होतं आणि सायक्लोट्रॉन प्रत्येक गावात नसतो. पहाटे तयार झालेलं औषध शिशाच्या डब्यातून गाडीने निघतं. साडेपाच तासांनी त्याचा आठवा हिस्सा उरतो. घाटात ट्रक आडवा झाला की आमचं सगळं वेळापत्रक आडवं. साठवून ठेवणं शक्यच नसतं. एफडीजी नाहीसं होतं ते माणसाची वाट न बघता. म्हणून तुम्हीही दिलेली वेळ चुकवू नका.

घरी लहान नातवंडं आहेत. स्कॅननंतर जवळ घ्यायचं नाही का?

त्या दिवशी काही तास मांडीवर घेऊ नका. गरोदर सुनेपासूनही अंतर ठेवा. पाणी प्या, लघवी वरचेवर करा, रात्रीपर्यंत औषध जवळपास संपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी खुशाल खेळा. नेहमीच्या डोसमध्ये औषधाचं रेडिएशन ७ मिलीसिव्हर्टच्या आसपास पडतं, सीटीचं वेगळं. निसर्गातून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतंच. कॅन्सरच्या रुग्णासाठी हा धोका लहान आहे, पण 'मनाची शांती' म्हणून दर तीन महिन्यांनी स्कॅन करायला ही काही एक्स-रे इतकी हलकी गोष्ट नाही.

म्युसिनस आणि सिग्नेट रिंगसाठी आणखी चांगला स्कॅन आहे का?

एफएपीआय नावाचं औषध जर्मनीतल्या हायडलबर्गमध्ये तयार झालं. ते साखरेच्या वाटेने जात नाही. गाठीभोवती आधाराचं जाळं विणणाऱ्या पेशींना ते चिकटतं. त्यामुळे साखर न खाणाऱ्या गाठी आणि पेरिटोनियमवरचे दाणे त्यात जास्त स्पष्ट दिसतात, असं सुरुवातीच्या अभ्यासांत आढळलंय. पण व्रण आणि सूज यांनाही ते चिकटतं. नेहमीच्या तपासणीत अजून त्याची जागा ठरलेली नाही. आज अशा रुग्णाच्या पेरिटोनियमची शंका असेल तर दुर्बिणीने पोटात प्रत्यक्ष पाहणं हाच खात्रीचा मार्ग.

खर्चाचं काय?

केंद्रागणिक दर वेगळे असतात. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत बरेच कमी पडतात. जन आरोग्य योजनेत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला स्कॅन करण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

येताना काय काय आणायचं?

बायोप्सीचा कागद, तोही पूर्ण, केआय-६७ असलेलं पान फाटून दुसऱ्या फाईलला गेलेलं नको. सीईएचे आजवरचे सगळे आकडे तारखांसकट. ऑपरेशन, केमो, लाईट कधी झाली त्याच्या तारखा. जुन्या सीटी-एमआरआयची सीडी, नुसती फिल्म नको. सीडी घरून निघण्याआधी एकदा कॉम्प्युटरवर उघडून बघा. मागच्या आठवड्यात लातूरहून एक जण रात्रभर प्रवास करून आले आणि पाकिटात भाचीच्या लग्नाची सीडी निघाली.